लाभाची साखळी

आमच्या पुढच्या दाराआड एक लोखंडी साखळी टांगलेली असे. दार जरा जोरात लोटलं की ती खळ्ळकन वाजायची आणि माय चुलीपासून ओरडायची, "कोन शे?" बाकीच्यांच्या घरी कडी वाजायची, आमच्याकडे साखळी. ती आबांची. आबा जळगावच्या मोजणी खात्यात साखळीवाले होते. शेताची मोजणी निघाली की साहेब छत्रीखाली नकाशावर वाकलेला असायचा आणि आबा पऱ्हाटीतून, काट्यांतून, कधी गुडघाभर चिखलातून साखळी ओढत पुढे जायचे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. पैशांचे आणे नव्हेत, साखळीचेच सोळा भाग. घरातली साखळी सरकारी नव्हती. खात्यानं बाद केलेल्या मालातून आबांनी ती मागून आणली होती आणि तिच्या ताणलेल्या कड्या लोहाराकडे नीट करून घेतल्या होत्या. अंगणात उंबऱ्यापासून तेहतीस फुटांवर त्यांनी एक दगड पुरला होता. दर रविवारी न्हाणं झालं की ते साखळीला तेल लावायचे, एक टोक मला धरायला द्यायचे आणि ती उंबरा ते दगड बसते की नाही ते बघायचे. बसायचीच. तरी पुढच्या रविवारी पुन्हा. एकदा मी कंटाळून म्हटलं, "आबा, लोखंड काय आठवड्यात वाढतं का?" ते म्हणाले, "मोजणाऱ्यानं पहिला संशय साखळीवर घ्यावा. मग बांधावर. माणसावर सगळ्यात शेवटी." हे वाक्य मला तेव्हा साधंच वाटलं होतं.

घरात संशयाला तोटा नव्हता, फक्त त्याचा क्रम प्रत्येकाचा निराळा. मायचा पहिला संशय माणसावरच. थंडीत भरताची वांगी घेताना ती दारावर आलेल्या माळणीला तराजूची पारडी बदलायला लावायची, वांगं कानाशी धरून दाबायची आणि मग म्हणायची, "यामा बी शे तर मी उद्या तुले परत करसू." कपाशीच्या काड्यांवर ती वांगी काळी होईपर्यंत भाजली जायची, लसूण आणि हिरव्या मिरच्या त्यांच्यासोबत कुटल्या जायच्या, आणि त्या वासावर शेजारपाजारचे आपापली कळण्याची भाकरी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. पलीकडे जिनिंगचा भोंगा वाजायचा. माय त्यावरही विश्वास ठेवत नसे, सावली बघून म्हणायची, "आज लवकर वाजाडा मेलानी."

माय चोपड्याकडची, आबा दोंडाईच्याकडचे. म्हणजे आई पूर्व खानदेशातली आणि बाप पश्चिम खानदेशातला. आज हे दोन शब्द उच्चारले तर नातवंडं माझ्याकडे बघत राहतात, पण त्या काळी जळगाव आणि धुळं यांच्यात जी चुरस होती ती नुसत्या जिल्ह्यांची नव्हती. शेव कोणाची चांगली, मिरची कोणाची तिखट, मैदान कोणाचं मोठं, यावर एस.टी.त अनोळखी माणसं भांडायची.

मोजायला मी मायच्या माहेरी शिकले. खळ्यावर ज्वारीची रास पडली की मामा पहिली पायली भरून "लाभ" म्हणायचे आणि ती बाजूला ओतायचे, पाखरांची आणि मागत्यांची. ती मोजायची नाही. मग दुसरी पायली भरायची, "एक". मग "दोन". मी त्यांच्यासोबत मोठ्यानं म्हणायची. शाळेत पुढे पाढ्यांत, गणितात मी पहिली यायला लागले. आमच्या दोन्ही घराण्यांत मॅट्रिक झालेली मी पहिली, कॉलेजात गेलेली पहिली आणि पदवी घेतलेली पहिली. हे मी मिरवते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदवीच्या तसबिरी आहेत त्यांनी मिरवू नये; आम्ही मिरवावं.

मी नववीत असताना आमच्या जळगावच्या मैदानावर चारशे चाळीस यार्डांची धावपट्टी आखायचं ठरलं. क्रीडा समितीचे एक मास्तर आबांकडे आले. आबांनी पाटीवर हिशेब केला. एक साखळी अकरा यार्डांची, म्हणजे बरोब्बर चाळीस साखळ्या. त्यांना हे इतकं आवडलं की दोन दिवस ते ज्याला-त्याला सांगत होते, "साहेबाचा पाव मैल आन् आपल्या चाळीस साखळ्या, एकच निघालं!" सुटीचा दिवस होता, खात्यातला जोडीदार गावी गेलेला, म्हणून मागचं टोक मी धरलं. मोजणीत एकेका साखळीला एकेक सळई रोवतात म्हणजे आकडा चुकत नाही; पण सळया सरकारी, कचेरीत कुलपात. "तू गणितात पहिली ना? तोंडानं मोज," आबा म्हणाले. मैदान लंबुळकं होतं. सुरुवातीचा दगड एका बाजूला पुरला होता, तिथून कडेकडेनं वळत जायचं आणि चाळीस साखळ्या जिथे भरतील तिथे शेवटाचा दगड पुरायचा. आबा पुढे साखळी ताणत जात, थांबत, टाचेनं खूण करत, मी त्या खुणेवर येऊन उभी राही. वारा होता. माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता, आणि जायची गरजही नव्हती. शेवटी त्यांनी लांबून हात वर केला, "भरल्या?" मी ओरडले, "चाळीस!" त्यांनी तिथे दगड पुरला. त्या दगडाच्या थोडं अलीकडे कडेला एक बाभळ होती.

पुढच्या हिवाळ्यात त्या पट्टीवर कासम पळाला. कासम पिंजाऱ्याचा. त्याचं घर कापूस पिंजायचं. गादीवाल्यांच्या गल्लीत शिरलं की त्याच्या धनुकलीचा टणत्कार दुरून ऐकू यायचा, आणि तो बाहेर आला की भुवयांवर, पापण्यांवर कापूस. तो अनवाणी पळायचा. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तो जितक्या शर्यतींत उतरला तितक्या जिंकला. जत्रांतल्या, शाळांच्या मैदानांवरच्या, आमच्या पट्टीवरच्या. एकही हरला नाही. पण आमच्या मैदानावर दरवेळी एक गोष्ट व्हायची. बाभळीपर्यंत तो असा यायचा की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये, आणि बाभळीपुढे एकदम जड. खांदे वर यायचे, मान मागे जायची. लोकांत म्हणच पडली, "बाभळ लागली की कासम मरतो." घड्याळ दरवेळी त्रेपन्न सेकंदांच्या आसपास. लोक काय काय बोलले! कोणी म्हणे रोज नुसत्या चहावर पळतो. कोणी म्हणे धुळेवाल्यांनी त्याला काही कबूल केलंय, मुद्दाम सैल सोडतो. हे त्याच्या कानांवर जात होतं.

धुळ्याला त्याच हिवाळ्यात सोनगीरचा तुळशीराम पळत होता, पोलिसातला. त्याची वेळ सव्वाबावन्न. कासम एकदाच धुळ्याला जाऊन पळाला. त्या दिवशी तुळशीराम बंदोबस्तावर होता. (बंदोबस्त की भीती, यावर आमच्या ओट्यावर आठवडाभर चर्चा झाली.) धुळ्यात कासमची वेळ लागली पावणेबावन्न. मुंबईच्या स्पर्धेला एकच माणूस पाठवायचा होता. निवडणाऱ्यांनी कागद पाहिले. घरच्या मैदानावर सहा वेळा त्रेपन्न आणि परक्या मैदानावर एकदम पावणेबावन्न? ती वेळ त्यांनी संशयास्पद म्हणून खोडली. तुळशीराम मुंबईला गेला, तिथे नंबरात आला, जमादार झाला. कासम पुन्हा कापूस पिंजायला बसला. आणि आम्ही बठ्ठे जळगावकर एकाच निकालावर आलो. धुळ्याचं मैदान आखूड आहे.

मी कॉलेजात गेले तोपर्यंत हे भांडण जुनं व्हायला हवं होतं. झालं नाही. आमच्या वर्गात धुळ्याकडची मुलं होती, ती जिन्यावर भेटली की "त्रेपन्न!" म्हणून हळूच ओरडायची. धुळ्याच्या कॉलेजात वादसभा ठरली तेव्हा कोणीतरी विषयच असा ठेवला: खानदेशातल्या धावपटूंत एका हंगामातली सर्वश्रेष्ठ कामगिरी कोणाची? जळगावकडून बोलायला मी. तुळशीरामकडून धुळ्याचा देवरे नावाचा मुलगा. चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि समोरचा बोलत असताना कागदावर काहीतरी लिहीत राहायची सवय. आंतरमहाविद्यालयीन कार्यक्रमात आधी एकदा भेटलो तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, तुमच्या कासमच्या बाजूनं फक्त एक वेळ आहे, आणि तीही खोटी."

"आणि तुमच्या मैदानाचं काय?"

"मोजून घ्या की! तुमच्या वडिलांकडे साखळी आहे म्हणतात."

मी घरी येऊन ते आबांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. त्यांनी जेवता जेवता हात थांबवला. "मोजू," ते म्हणाले. "पण घरची साखळी नेऊ. सरकारी नाही."

निघायच्या सकाळी आबा आणि मी अंगणात साखळी तपासत होतो आणि माय आमच्याकडे बघत उभी राहिली. "खाय आधी," ती मला म्हणाली, "धुळं काय पळी नही जात." तिनं भाकरीत भरीत गुंडाळून दिलं. एरंडोल, पारोळा करत एस.टी. हादरत गेली, आबांच्या मांडीवर गोणपाटात साखळी, आणि प्रत्येक खड्ड्याला ती वाजली की पुढच्या बाकावरचे वळून बघायचे. मी मनात भाषण घोकत होते. त्याचा शेवट मी आधीच ठरवला होता. "सभाध्यक्ष महाराज, आज सकाळीच आम्ही आपलं मैदान मोजलं, आणि ते इतके फूट कमी भरलं." आकड्याची जागा तेवढी मोकळी होती.

देवरे मैदानावर येऊन थांबला होता. त्याला आबांचा भरवसा नव्हता, म्हणून मागचं टोक तो धरणार आणि मोठ्यानं मोजणार असं त्यानंच ठरवलं. मला त्याचा भरवसा नव्हता, म्हणून मी मधून चालणार. आबांनी पहिली साखळी ताणली, टाच रोवली आणि सवयीनं म्हणाले, "लाभ."

देवरे थबकला. "आबा, लाभ म्हणजे एक धरायचं ना?"

"लाभ म्हणजे एकच शे भो," आबा म्हणाले. "दुसरं काय? पुढं दोन म्हन."

"दोन," देवरे म्हणाला आणि पुढे निघाला.

मी तिथेच उभी राहिले. मला मामांचं खळं दिसलं, बाजूला ओतलेली ज्वारी दिसली, आणि तीन-चार वर्षांपूर्वीचा तो वारा. आमच्या मैदानावर पहिल्या साखळीला मीही म्हटलं होतं, "लाभ." आणि दुसरीला म्हटलं होतं, "एक." वडिलांच्या गावचा लाभ मोजणीतला पहिला, आणि आईच्या गावचा लाभ मोजणीबाहेरचा. एकाच घरात आम्ही दोघं रोज तो शब्द बोलत होतो आणि कधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

देवरेची चाळिसावी साखळी शेवटाच्या दगडाला जाऊन भिडली. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. तो जिंकल्यासारखा हसला नाही, उलट माझा चेहरा बघून त्यालाच संशय आला. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आबा साखळी गुंडाळत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं. त्यांनी गुंडाळणं थांबवलं नाही. सगळी साखळी गोणपाटात भरली, तोंड बांधलं. मग विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मैदानाची मोजणी माझ्या नावावर शे, सुमन. बोलशील तर माझं नाव घेऊन बोलावं लागेल." आणि गोणपाट खांद्यावर घेत, "बोल."

दुपारी दिवाणखान्यासारख्या त्या सभागृहात धुळ्याची दोनशे पोरं बसली होती. आबा शेवटच्या बाकावर, गोणपाट पायांशी. मी घोकलेलं भाषण टाकून दिलं. मी सांगितलं की धुळ्याचं मैदान खरं आहे, आणि जळगावचं लांब आहे, एका साखळीनं, आणि ती साखळी मी वाढवली. लाभ कसा म्हटला तेही सांगितलं. म्हणून कासम घरी दरवेळी अकरा यार्ड जास्त पळाला, आणि धुळ्याला पहिल्यांदा जेवढं पळायचं तेवढंच पळाला. खोडलेली वेळ खरी होती, आणि तो हंगाम खानदेशात कोणाचा झाला नाही असा होता.

मागून कोणीतरी ओरडलं, "हरायला लागली तर पोरीनं मैदानच लांबवलं!" सगळं सभागृह हसलं. परीक्षकांनी ढाल देवरेला दिली आणि माझ्या "कल्पकतेचं" कौतुक केलं. आज इतक्या वर्षांनीही तो शब्द आठवला की माझ्या कानशिलांत रक्त चढतं. आयुष्यात एकदा मी माझ्याविरुद्ध खरं बोलले, तर ते कल्पक ठरलं.

पायऱ्यांवर देवरे ढाल काखेत मारून आला. "खरं सांगा. रचलंत?"

"रविवारी जळगावला या. येताना तुमच्या विश्वासाचा माणूस आणा."

"मी माझ्याच विश्वासाचा आहे," तो म्हणाला.

तो आला. माझ्या संशयी स्वभावाला त्याचा संशयी स्वभाव त्या दिवशी पहिल्यांदा बरा वाटला. आबांनी कासमला निरोप धाडला होता. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. तो तसाच कामावरून उठून आला होता, कापूस झटकायचाही राहिला होता. समितीच्या मास्तरांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. दोन-चार रिकामटेकडे मात्र जमले. आबा पुढे, देवरे मागे. तो "एक"पासून स्वच्छ मोजत गेला. "अडतीस. एकोणचाळीस." आबांनी टाच रोवली ती बाभळीच्या बुंध्यासमोर. "चाळीस," देवरे म्हणाला, आणि त्यानं चष्मा काढून पुसला. शेवटाचा दगड पुढे होता. आबांनी आणखी एक साखळी त्या दगडापर्यंत ताणली. शेवटची कडी दगडावर टेकली.

रिकामटेकड्यांतला एक जण बोलला, तो मुद्दाम ऐकू जाईल असं. "शेवटी मानूस तिकडचाच. आपल्या पोराला मुद्दाम लांब पळवलं." आबा दोंडाईच्याचे, हे वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी असं काढलं. मी वळले तर आबांनी हात केला, राहू दे. ते दगडापाशी उकिडवे बसून त्याच्यावरची माती बोटानं काढत होते.

कासमला काय झालं ते अजून कळलं नव्हतं. मी त्याच्यासमोर जाऊन सांगितलं. लाभ, एक, दोन, सगळं. मला वाटलं तो ओरडेल. मी त्याच्यासाठी तयार होते. खरं तर मला ते हवं होतं. तो बाभळीकडे बघत राहिला.

"म्हणजे धुळ्याचं घड्याळ खरं होतं, ताई?"

"खरं होतं, कासमभाऊ."

"मी सोता निवडणाऱ्या साहेबाला सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्यायनं विचारलं, ही वेळ तुझी वाटते का? मी म्हटलं, नाही साहेब, घड्याळ खोटं असंल. घरी तर मी बाभळीपाशी मरतो." तो हसला. "मले वाटे माझ्या छातीतच काही कमी आहे. म्हणून सोडलं पळणं."

आम्ही जळगावकरांनी धुळ्यावर संशय घेतला, धुळ्यानं आमच्यावर, लोकांनी कासमवर. पण कासमनं स्वतःवर घेतला होता, आणि तो मी घ्यायला लावला होता. देवरेनं खिशातून कागद काढून आकडे लिहिले आणि खाली सही केली. त्यानं ते पुढे समितीकडे पाठवलं. उत्तर आलं नाही. आबांनी तिथल्या तिथे तो दगड उपटून बाभळीसमोर आणून पुरला, समितीला न विचारता. पुढे खात्यात त्यांना त्याबद्दल कोणी बोललं की नाही, त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. मायनं मात्र त्या दिवसापासून ज्वारी मोजताना "लाभ" तोंडातल्या तोंडात म्हणायला सुरुवात केली. आता वर्तमानपत्रात कोणाचा विक्रम वाचला, कोणता हंगाम सर्वांत मोठा यावर मुलं टीव्हीसमोर भांडायला लागली, की मी विचारते, साखळीचं मागचं टोक कोणी धरलं होतं? ती हसतात. म्हातारीला सगळ्यांचाच संशय, म्हणतात.

त्या रविवारी सगळे पांगायला लागले तेव्हा कासम बाभळीच्या बुंध्याला टेकून उभा होता. मग त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला ठेवल्या आणि आबांच्या टाचेच्या खुणेपासून दगडाच्या रिकाम्या खड्ड्याकडे चालू लागला. एकेक यार्डाएवढी लांब ढांग. आवाज हळू होता, पण मैदान शांत होतं.

"लाभ," तो म्हणाला, "दोन, तीन, चार..."

मी मनात त्याच्यासोबत मोजत होते. अकराव्या ढांगेला तो खड्ड्यावर पोचला आणि वळला. या वेळी माझा आकडाही अकराच होता.